घाट कोणी बांधला?

बोरघाट कोणी बांधला, असे तुम्ही आपल्या मुलांना एकदा विचारून पाहा. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून पुण्याला निघालेल्या कोणत्याही मोटारीत हा प्रयोग फुकट करता येतो. मागच्या बाकावरचे पोर तोंडातला चिवडा सावरीत सांगेल, ‘इंग्रजांनी.’ पुढे बसलेला बाप मान डोलावील. आई म्हणेल, ‘केवढी दूरदृष्टी त्या लोकांची! नाहीतर आपले रस्ते पाहा.’ एवढ्यावर चर्चा आटोपेल आणि मोटार चिक्कीच्या दुकानापाशी उभी राहील.

हे उत्तर खोटे आहे. अपुरे, अर्धवट असले सौम्य शब्द मी जाणूनबुजून टाळतो आहे. इंग्रजांनी घाट आखला, नकाशे काढले, कंपनी उभी केली. भांडवल तिकडच्या भागधारकांनी घातले हेही खरे. परंतु त्यांना शेकडा ५ टक्के व्याजाची हमी होती आणि ती हमी इथल्या महसुलावर होती. कातळावर पहार कोणी मारली, हा प्रश्न मात्र कोणाच्या मनातच येत नाही. ज्याने दगड फोडला तो सोडून बाकी सर्वांना घाट बांधल्याचे श्रेय मिळालेले आहे.

माझे बालपण या घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीत गेले. तेव्हा द्रुतगती मार्ग नव्हता. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या घाट चढणाऱ्या मालमोटारींचे कण्हणे ऐकू येई, आणि कोणती भरलेली व कोणती रिकामी हे आम्ही पोरे आवाजावरून ओळखत असू. नाना फडणविसांनी बांधलेल्या तळ्यात आम्ही पोहायला शिकलो. घाट म्हणजे आमचे परसच. आणि परसात काय आहे ते घरचा माणूस कधी पाहात नाही. पाहुणे आले की पाहायचे; पण पाहुणे यायचे ते लोणावळ्याची हवा खायला.

घरातल्या एका वस्तूबद्दलही आमचे असेच झाले होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्याकडे चौरंगावर चांदीचे रुपये, केरसुणी आणि त्यांच्या मधोमध एक लांबट जुनी मोडी चोपडी ठेवीत. एरवी ती लाल फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी असे. आजी तिला हळदकुंकू वाही आणि आम्हा मुलांना सांगे, ‘ही आपल्या घरची लक्ष्मी. हिच्यामुळे हे छप्पर आहे.’ आम्ही नमस्कार करून करंज्यांकडे वळत असू. आजोबांना मोडी उत्तम येत होती. त्यांनी ती चोपडी कधी उघडलेली मी पाहिली नाही. याचा अर्थ मला फार उशिरा लागला. तो पुढे सांगतो.

गेल्या वर्षी भाऊबीज झाल्यावर मी हट्टच धरला. मुलाला म्हटले, एकदा जुन्या रस्त्याने चल, मोटार हळू हाक आणि मी सांगेन तिथे थांबव. नातू नऊ वर्षांचा आणि नात तेरा. मुलाच्या कपाळावर आठी होती, कारण द्रुतगती मार्गाने जे अंतर बसल्या बसल्या सरते त्याला आम्ही अख्खा दिवस लावणार होतो. तरी निघालो.

खोपोली सोडून चढू लागले की वाटेत शिंग्रोबाचे देऊळ लागते. चालक वेग कमी करतात, कोणी उतरून नारळ फोडतो, कोणी खिडकीतूनच नाणे टाकतो. कथा सर्वांना ठाऊक आहे: साहेबांना डोंगरातून वाट सापडेना, शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपली जनावरे ज्या वाटेने चढत ती दाखवली, साहेब म्हणाला, काय बक्षीस हवे ते माग, त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी मिळाली. या कथेला कागदाचा आधार मागणारे विद्वान मला भेटलेले आहेत. मागोत बापडे! मला या कथेचे मोल निराळे वाटते. संबंध घाटात काम करणाऱ्या, वाट जाणणाऱ्या माणसाचे नाव जर कोठे टिकले असेल तर ते या एका देवळात टिकले आहे. सरकारने जे केले नाही ते मालमोटारींच्या चालकांनी नाणी टाकून केले.

पण माझी तक्रारही याच देवळापाशी सुरू होते. शिंग्रोबाला नाणे टाकले की आपले मन निश्चिंत होते. हजारोंचे देणे एकाच्या पायाशी फेडून आपण पुढच्या वळणाला लागतो. शिवाय, वाट दाखवायची गरज साहेबाला पडली. वाट तर होतीच. कोकणातले मीठ या घाटाने बैलांच्या पाठीवरून वर जात होते आणि देशावरचे धान्य खाली येत होते. राजमाचीचा किल्ला काही हवा खाण्यासाठी बांधलेला नव्हता. या वाटांवर नजर ठेवण्यासाठी तो होता. खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत १६६१ साली शिवाजीमहाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली, ती याच डोंगरातल्या वाटा आणि खिंडी ज्यांच्या पायाखालच्या होत्या त्यांच्या बळावर. तेव्हा घाट इंग्रजांनी ‘शोधला’ असे जे म्हणतात, त्यांनी निदान हा शब्द तरी मागे घ्यावा. आमच्या नागफणीच्या सुळक्याला त्यांनी ‘ड्यूकचे नाक’ म्हटले. तिथेही नाक साहेबाचेच!

पुढे खंडाळ्याच्या अलीकडे, जिथे तो जुना दगडी पूल होता, तिथे मी मोटार थांबवायला लावली. थांबायला धड जागाही नाही. ‘अमृतांजन पूल’ म्हणून तुम्हां सर्वांना ठाऊक होता तोच. १८३० साली, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, घाटातून गाडीरस्ता खुला झाला, त्या वेळचे ते बांधकाम. २०२० च्या एप्रिलात, टाळेबंदीने रस्ता ओस पडलेला पाहून, वाहतुकीला अडचण होते म्हणून तो सुरुंगांनी पाडण्यात आला. केवढे हळहळले लोक! जुनी छायाचित्रे निघाली, आठवणींना पूर आला. मीही हळहळलो, नाही म्हणत नाही. पण एकशे नव्वद वर्षे उभ्या राहिलेल्या पुलाला आपण नाव कोणते दिले होते? डोकेदुखीच्या मलमाची पाटी तिथे लागत असे, तिचे. गवंड्याचे नाव ठाऊक नव्हते, साहेबाचे आठवले नाही, म्हणून मलमाचे चालले. यावरून नातू हसला आणि मग म्हणाला, ‘आजोबा, ज्यांनी बांधला त्यांचे डोके दुखत नव्हते का?’ पोर गमतीने बोलले. पण मला त्याचे हसू आले नाही.

इंग्रजीत अशा नव्या वाटा काढणाऱ्यांना ‘पायोनियर’ म्हणतात. शब्द मोठा मासलेवाईक आहे. मुळात तो फौजेतला. सैन्याच्या पुढे जाऊन कुदळफावड्याने वाट मोकळी करणारा शिपाई तो पायोनियर. मुंबई इलाख्याच्या फौजेतही अशा पलटणी होत्या. पुढे शब्दाला प्रतिष्ठा आली आणि तो कुदळवाल्याच्या हातून काढून घेऊन गव्हर्नरांना आणि इंजिनियरांना बहाल करण्यात आला. आपणही मराठीत ‘आद्य प्रवर्तक’ वगैरे भारी शब्द बनवून तीच लबाडी चालू ठेवली.

आता आगगाडीकडे येतो. माझे खरे भांडण तिथे आहे.

१८५३ च्या एप्रिलात बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे आपण शाळेत पाठ केले. गाडीला फुलांच्या माळा, तोफांची सलामी, सारे आपल्याला ठाऊक. पण ती गाडी गेली सपाटीवरून. खरी परीक्षा पुढे सह्याद्रीशी होती. बोरघाटातल्या लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली मार्ग खुला झाला. पंधरा मैलांहून थोडी अधिक वाट आणि तेवढ्यात सुमारे १८०० फुटांची चढण. काही ठिकाणी इतकी तीव्र की गाडी ३७ फूट पुढे सरकते तेव्हा एक फूट वर चढते. पंचवीसच्या आसपास बोगदे, शिवाय पूल आणि उंच कमानी. कडा इतका सरळ की सुरुंगाची भोके पाडण्यासाठी माणसांना दोरांनी खाली सोडावे लागे. वर दोर धरणारा, खाली लोंबकळत पहार मारणारा आणि त्याच्याही खाली दरी. काम ऐन भरात होते तेव्हा, १८६१ च्या सुमारास, चाळीस हजारांवर माणसे या डोंगरात राबत होती. माणसे म्हणजे बायका आणि पोरेही. कुटुंबेच्या कुटुंबे पाटी आणि पहार घेऊन डोंगरात येत, पालांत राहात. उन्हाळ्यात पाणी आटे, आणि उरलेल्या पाण्याबरोबर पटकी येई. पटकी, हिवताप, दरडी, सुरुंग. किती मेली? अभ्यासकांचे अंदाज वीस-पंचवीस हजारांपर्यंत जातात. अंदाजच, कारण बोगद्यांची लांबी ज्यांनी यार्डात मोजली त्यांनी प्रेते मोजण्याची तसदी घेतली नाही.

या कामाशी निगडित साहेबांची नावे मात्र सगळी मिळतात. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली; मार्ग पुरा होण्याच्या आदल्या वर्षी तो वारला, त्याच्याबद्दल आदराने लिहिलेले आहे आणि ते योग्यच आहे. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. त्याच्या कारकिर्दीत मजुरी थकली, मधल्यामध्ये कापली जाऊ लागली, आणि १८५९ च्या जानेवारीत मजूर साहेबांवर चालून गेले. त्या दंगलीत एक युरोपियन मेला. चौकशी झाली, फॅव्हिएल गेला. मग सॉलोमन ट्रेडवेल आला. तो इथे पाय ठेवल्यावर थोड्याच आठवड्यांत आजाराने मेला. तेव्हा त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट सोडले नाही. जाणती माणसे नेमून तिने काम तडीस नेले. मला या बाईचे कौतुक आहे. परक्या मुलखात नवरा गमावलेली बाई एवढा डोंगर अंगावर घेते, ही सामान्य गोष्ट नाही, आणि तिची आठवण राहिली याचा मला आनंदच आहे. पण तिच्या कामावर त्याच वर्षी, त्याच पटकीने नवरा गमावलेल्या आणि दुसऱ्या दिवशी पाटी डोक्यावर घेऊन उभ्या राहिलेल्या बायका किती होत्या? त्यांतल्या एकीचे तरी नाव सांगा. आडनाव नको, नुसते नाव.

नवी वाट काढल्यावर १९२९ साली घाटातले ते ‘रिव्हर्सिंग’ स्थानक बंद झाले. तोपर्यंत गाडी तिथे येऊन थांबे, इंजिन दुसऱ्या तोंडाला लागे आणि गाडी उलट दिशेने पुढचा डोंगर चढे. त्या जागेच्या आसपास अजून जुनी दगडी कामे दिसतात. मी मुलांना ती लांबून दाखवली. मुलाने मोबाईलवर छायाचित्र काढले. मला वाटले, इथे एखादी पाटी असेल. ज्यांनी हे रचले त्यांची. माझ्या तरी पाहण्यात आली नाही. चिक्कीच्या पाट्या मात्र मोजता मोजता नातू दमला.

हे सारे मी एका मित्रमंडळीत बोललो तेव्हा दोन पंथ लगेच उठून उभे राहिले. पहिला पंथ ‘इंग्रज होते म्हणून’वाल्यांचा. यांचे म्हणणे, मजूर काय, कुठेही मिळतात, अक्कल महत्त्वाची. यांना मी एवढेच सांगतो की अक्कल लंडनच्या कचेरीत भरपूर होती, तिथे घाट नव्हता. आणि अकलेचेच म्हणाल तर याच मार्गावरचा एक मोठा पूल खुला झाल्यापासून चार वर्षांत, १८६७ साली, कोसळला. चूक हिशेबाची, मालाची की देखरेखीची, याचा वाद तज्ज्ञांनी करावा. पण पूल कोसळला म्हणून अक्कलवाल्यांची नावे कोणी पुसली नाहीत. मजुरांनी मात्र चूक न करताही ती पुसली गेली.

दुसरा पंथ ‘सगळे आमचेच होते’वाल्यांचा. यांचा ऊर शिंग्रोबाच्या कथेने भरून येतो, डोळ्यांत पाणी येते, आणि इंग्रजांना चार शिव्या दिल्या की कर्तव्य संपते. यांना मी विचारले, चाळीस हजार माणसे साहेबाने स्वतः गावोगाव फिरून गोळा केली काय? साहेबाला मराठी येत नव्हते. माणसे गोळा करणारा, हजेरी घेणारा, आगाऊ रक्कम देऊन बांधून आणणारा आणि आठवड्याच्या पगारातून आपला वाटा आधी काढून घेणारा मुकादम कोण होता? तो तुमच्या-माझ्यातलाच होता. हे विचारल्यावर बैठकीत जरा शांतता पसरली. मीही गप्प बसलो, कारण मला ती चोपडी आठवत होती.

पण आधी कार्ल्याला जाऊन येऊ, कारण आम्ही त्या दिवशी तसेच गेलो. घाटमाथा ओलांडून लोणावळ्याच्या पुढे गेले की डोंगराच्या पोटात कार्ल्याचे चैत्य आहे. पायऱ्यांवर गर्दी होती, पण ती एकवीरेची. कोळीवाड्यांतून आलेली मंडळी वाजतगाजत देवीला चालली होती; लेण्यात पाच-सात माणसे. मी मुलांना दाराशी नेले आणि भिंतीवरची ब्राह्मी अक्षरे दाखवली. दोन हजार वर्षांमागचे हे लेख. एकात एका श्रेष्ठीने हे शैलगृह पुरे केल्याचे म्हटले आहे. श्रीमंतांची नावे दगडावर असायचीच. खांबांवर यवन दात्यांची नावे आहेत. परंतु धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याचेही नाव आहे. आणि त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराचे आहे. वेणुवासाचा मुलगा सामी, याने हे दार केले. बापाच्या नावासकट!

तेव्हा छापखाना नव्हता, वर्तमानपत्र नव्हते, हजेरीपट नव्हते. एकेक अक्षर छिन्नीने खोदायचे. तरी त्या लोकांना एका सुताराचे नाव खोदणे महाग वाटले नाही. आणि तिथून काही कोसांवर, १८६३ साली, छापखाने होते, वर्तमानपत्रे होती, कंपनीचे कागद कपाटे भरभरून होते, आणि हजारो मेलेल्यांपैकी एकाचे नाव आपल्याला सांगता येत नाही. प्रगती म्हणतात ती कोणत्या बाजूने चढते हे मला त्या दारात उभे राहून कळेनासे झाले. नातीने ती अक्षरे बोटाने हवेत गिरवली आणि विचारले, ‘घाटात असे कोणीच का नाही लिहिले?’ मी म्हटले, ‘घरी गेल्यावर सांगतो.’

घरी जाऊन मी पेटी उघडली. त्याआधी दोन महिने ती चोपडी मी पुण्यातल्या एका मोडी जाणणाऱ्या निवृत्त शिक्षकांकडून वाचवून घेतली होती, आणि वाचून झाल्यावर कोणाशी बोललो नव्हतो. ती माझ्या खापरपणजोबांची. ते घाटाच्या कामावर मुकादम होते. चोपडीत दर आठवड्याचा हिशेब आहे. असामी इतके, बायका इतक्या, पोरे इतकी, दर अमुक, कटती अमुक. नावे साहेबाच्या कचेरीतल्या कारकुनांची आहेत आणि आमच्या घरच्यांची आहेत. मजुरांचे नुसते आकडे. फक्त टोळ्या ओळखण्यासाठी काही खुणा: ‘खालच्या पालाची टोळी’, ‘नदीकडची टोळी’, ‘लंगड्याची टोळी’. आणि उन्हाळ्यातल्या पानांवर एक शब्द वारंवार येतो: ‘मयत’. त्याच्यापुढे रक्कम. त्या शिक्षकांनी मला हळूच समजावून सांगितले की मेलेल्यांची राहिलेली मजुरी कोणाला दिलेली नाही. ती आमच्या बाजूला जमा धरलेली आहे. आजी म्हणायची ते शब्दशः खरे होते. हिच्यामुळेच हे छप्पर आहे.

तेव्हा घाट कोणी बांधला हा प्रश्न मी परक्यांना विचारीत नाही. आणि ज्यांना वाटते की हा सनातन इतिहास दिवाळीच्या फराळाबरोबर कशाला, त्यांना मी विचारतो की मग केव्हा? घाटातून सारे कुटुंब एका मोटारीत बसून जाते ते दिवाळीतच. मुले प्रश्न विचारतात ती तेव्हाच.

माझी मागणी लहान आहे. खंडाळ्याच्या माथ्यावर, जिथे मोटारी सुरक्षित थांबतील अशा जागी, एक शिळा बसवावी. रेल्वेने बसवावी, सरकारने बसवावी, नाहीतर घाटाच्या दोन्ही टोकांच्या गावांनी वर्गणी काढून बसवावी. गणपतीला निघते तेवढ्या वर्गणीच्या एका कोपऱ्यात हे काम होईल. कोणी म्हणतात, नावेच नाहीत तर कोराल काय? जे ठाऊक आहे ते कोरा. १८५६ ते १८६३. पुरुष, बायका आणि मुले. पटकीने, सुरुंगाने, दरडीने मेली. १८५९ साली मजुरीसाठी उठली. आणि खाली रिकामी जागा सोडा. मुंबईच्या पुराभिलेखागारात रेल्वेच्या कामाचे कागद आहेत, जुन्या घरांच्या पेट्यांत चोपड्या आहेत. मोडी वाचणारी माणसे अजून हयात आहेत. कोणाचे नाव सापडले तर त्या जागेवर येईल. मुकादमांची नावेही त्या शिळेवर हवी असतील तर एक मी देतो.

आमच्या घरात सध्या दोन तट पडले आहेत. वहिनींचे म्हणणे, एवढे कळल्यावर ती चोपडी पुन्हा चौरंगावर ठेवू नये, अपशकुन आहे. धाकट्या भावाचे म्हणणे, पूर्वापार ठेवीत आलो तर ठेवावी आणि उगाच चाळू नये. मी ती ठेवणार आहे, पण फडक्यात गुंडाळून नव्हे. नातीने पान ठरवून ठेवले आहे. त्यावर चैत्रातल्या एका आठवड्याचा हिशेब आहे, लंगड्याची टोळी, असामी २२. आणि खालच्याच ओळीत पुढच्या आठवड्याची तीच टोळी, असामी ९. लंगड्याचे खरे नाव काय असेल, असे ती मला अधूनमधून विचारते, आणि मीही आता त्या शिक्षकांना दर खेपेला तेच विचारतो.